ईस्टमनच्या मागें

इ.स. २०११ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ५ तारखेस अमेरिकेंत स्टीव्ह जॉब्स वारला, तेव्हां त्याच्या ‘ॲपल’ कंपनीचें आतां कसें होणार, ही विवंचना जगांतील वर्तमानपत्रांना पडली होती. ज्यांच्या घरीं त्या कंपनीचें एकहि यंत्र नव्हतें असे माझ्यासारखे लोकहि चहाच्या पेल्याबरोबर त्या प्रश्नाचा निकाल लावीत होते. कारभार टिम कुक यांजकडे आला. २०१८ सालच्या ऑगस्टांत त्या कंपनीच्या शेअरांची एकंदर किंमत एक लाख कोटि डॉलरांच्या वर गेली, आणि मग त्याच वर्तमानपत्रांनीं निर्वाळा दिला कीं, संस्थापकावांचून कंपनीचें कांहीं अडत नाहीं.

सातच वर्षांत निकाल! सारा जन्म मुलांचे पेपर तपासण्यांत गेलेल्या मजसारख्या शिक्षकाला ही घाई जरा चमत्कारिक वाटली. कारण जॉब्स वारल्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनीं, १९ जानेवारी २०१२ रोजीं, दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीनें धनकोंपासून संरक्षण मिळावें म्हणून न्यायालयांत नादारीचा अर्ज केला होता. तिचा संस्थापक वारून त्या वेळीं ऐंशीं वर्षें होत आलीं होतीं. ती कंपनी ‘कोडॅक’, आणि तो संस्थापक जॉर्ज ईस्टमन. श्रोतेहो, आज मी आपणांस या दोघांची हकीकत सांगणार आहें. आणि ती सांगतांना माझ्या मनांत जो प्रश्न आहे तो एवढाच कीं, ईस्टमन गेल्याचें नुकसान त्याच्या कंपनीस नेमकें कोणत्या दिवशीं झालें?

ज्यांच्या घरीं जुने आल्बम आहेत त्यांस कोडॅक हें नांव नव्यानें सांगावयास नको. १९९० नंतरच्या दशकांत आमच्या गांवच्या बाजारांतहि फोटोच्या दुकानावर त्या नांवाची पिवळीधमक पाटी लागली होती. त्यापूर्वीं कित्येक वर्षें आमच्या शाळेंत दहावीच्या वर्गाचा निरोपाचा ग्रूप काढावयास एक वृद्ध फोटोग्राफर येत असत. बाकांची उतरंड लावून, मुलांस श्वास रोखावयास सांगून, ते एकदां बटण दाबीत. फिल्म महाग, म्हणून दुसरें चित्र सहसा घेत नसत. एखाद्या मुलाचे डोळे त्या क्षणीं मिटले तर तो जन्मभर त्या ग्रूपांत मिटल्या डोळ्यांनींच उभा राही. “फिल्म धुवून होईपर्यंत मलाहि कांहीं सांगतां यावयाचें नाहीं, मास्तर,” असें ते म्हणत. धीर धरणें हा त्या धंद्याचा भागच होता. आणि बटण दाबण्यापासून चित्र हातीं येईपर्यंतचा जो काळ, त्या काळांत जीं जीं रसायनें, जे जे कागद आणि जी जी मजुरी लागे तिच्यावर कोडॅकचा सारा संसार उभा होता.

ईस्टमनचा जन्म १२ जुलै १८५४ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील वॉटरव्हिल या गांवीं झाला. तो सात वर्षांचा असतां बाप वारला. आईनें रॉचेस्टर शहरांतील घरांत बिऱ्हाडकरू ठेवून मुलांस वाढविलें. लहान वयांतच शाळा सोडून तो एका विम्याच्या कचेरींत आठवड्याला ३ डॉलरांवर लागला. विसाव्या वर्षीं बँकेंत कारकून झाला, तेव्हां पगार १५ डॉलर मिळूं लागला. १८७७ सालीं सान्तो दोमिंगो बेटाच्या सफरीस जावें असें त्याच्या मनांत आलें व तेथील देखावे टिपण्यासाठीं त्यानें फोटोचें सामान विकत घेतलें. सफर राहून गेली. सामान मात्र घरीं राहिलें.

त्या काळचें तें सामान म्हणजे एक बिऱ्हाडच होतें. चित्र काचेवर घेत. त्या काचेला जागच्या जागीं, तंबूच्या अंधारांत, रसायनाचा लेप द्यावयाचा. लेप ओला आहे तोंच चित्र घ्यावयाचें. आणि तो वाळण्यापूर्वीं काच धुवावयाची. इंग्लंडांत काहींजण जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा करूं लागले आहेत असें ईस्टमनच्या वाचनांत आलें. दिवसा बँक आणि रात्रीं आईच्या स्वयंपाकघरांत प्रयोग, असा क्रम त्यानें चालविला. पुष्कळदां तो तेथेंच चुलीशेजारीं कांबळें टाकून निजे. लेप चढविण्याचें यंत्र त्यानें बनविलें, त्याचें पेटंट १८७९ सालीं लंडनला जाऊन घेतलें, आणि १८८१ सालारंभीं हेन्री स्ट्राँग नांवाच्या गृहस्थाची भागी घेऊन कंपनी स्थापिली. हा स्ट्राँग ईस्टमनच्या आईकडचा बिऱ्हाडकरू, आणि त्याचा स्वतःचा धंदा बग्गीच्या घोड्यांचे चाबूक करण्याचा होता. पुढें मोटारी निघाल्या आणि चाबकांचें काय झालें तें आपण जाणतांच. परंतु चाबकाच्या पैशावर फोटोचा कारखाना उभा राहिला, ही गोष्ट पुढें आपणांस उपयोगीं पडेल.

कंपनी वर्षाची होते न होते तोंच तिच्यावर मरणाचा प्रसंग आला. दुकानदारांकडे गेलेल्या काचांचा गुण उतरूं लागला. पाठोपाठ कारखान्यांत नवा लेपहि साधेना. ईस्टमननें खराब माल परत घेऊन भरपाई दिली, कारखाना बंद ठेवला, आणि तो इंग्लंडास गेला. तेथें त्याला उमगलें कीं, कृति चुकली नव्हती. जिलेटिनच वाईट आलें होतें. एक जिलेटिन चांगलें व दुसरें वाईट कां, याचा उलगडा चाळीस वर्षांनीं त्याच्याच प्रयोगशाळेंतील सॅम्युएल शेपर्ड यानें केला. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात; ज्या जनावरांच्या चाऱ्यांत मोहरीच्या जातीचीं रोपें येत, त्यांच्या जिलेटिनांत गंधकाचा अगदीं लेशमात्र अंश उतरे, आणि तेवढ्यानें लेप प्रकाशाला चपळ होई. कोठल्यातरी कुरणांतील गाईनें मोहरी खाल्ली म्हणून रॉचेस्टरचा कारखाना चालावयाचा! असो.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. या संकटांतून निभावल्यावर काचांचा धंदा बरा चालूं लागला होता. कोणीहि शहाणा मनुष्य तोच वाढवीत बसला असता. पण प्रतिस्पर्धी कारखाने निघत होते, किंमती उतरत होत्या, आणि काच ती काचच, म्हणजे जड आणि फुटणारी. १८८४ पासून ईस्टमननें विल्यम वॉकर नांवाच्या यंत्रज्ञासह काचेऐवजीं लेप दिलेल्या कागदाची गुंडाळी व ती कॅमेऱ्यांत बसविण्याचा सांचा तयार केला. माल काचेहून हलक्या दर्जाचा होता. कागदाचे तंतु चित्रांत उमटत. धंदेवाईक फोटोग्राफरांनीं नाकें मुरडलीं. तेव्हां, हीं गिऱ्हाइकें घेत नाहींत तर ज्यांनीं जन्मांत कधीं फोटो काढला नाहीं त्यांना माल विकावा, असें ईस्टमननें ठरविलें. १८८८ सालीं त्यानें ‘कोडॅक’ नांवाचा लहानसा कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर. आंत १०० चित्रांची गुंडाळी. ती संपली कीं कॅमेराच १० डॉलरांसह रॉचेस्टरला पाठवावयाचा; तेथून चित्रें व नवी गुंडाळी भरलेला कॅमेरा परत येई. बटण तुम्ही दाबा, बाकीचें आम्ही पाहूं, अशी त्याची जाहिरात होती. काचा तो पुढेंहि करीत राहिला, हें खरें. पण आपला भरंवसा त्यानें चालत्या, पैसे देणाऱ्या मालावरून काढून एका अर्ध्यामुर्ध्या मालावर ठेवला.

पुढच्याच वर्षीं हेन्री रायशेनबाख या त्याच्या रसायनज्ञानें कागदाच्या जागीं पारदर्शक फिल्म आणली आणि तिच्यांतून एडिसनचीं हलतीं चित्रें निघालीं. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांनीं विलायतेहून कॅमेरा आणला, तेव्हां कच्ची फिल्म त्यांनीं मागविली ती याच कंपनीची. १९०० सालीं ‘ब्राउनी’ कॅमेरा अवघ्या एका डॉलरांत विकावयास आला. त्याची फिल्म १५ सेंटांची. दिवा जवळजवळ फुकट द्यावा आणि तेल जन्मभर विकावें, असें हें धोरण. कमाई फिल्मवर करावयाची, हा दंडक कंपनीच्या हाडींमासीं भिनला तो येथपासून.

ईस्टमनला मी देवमाणूस ठरवीत नाहीं. प्रतिस्पर्ध्यांस विकत घेण्यांत किंवा चेपण्यांत तो मागें पाहत नसे, व मक्तेदारीबद्दल सरकारनें त्याच्या कंपनीस कोर्टांत खेंचलें. पारदर्शक फिल्मचा शोध हॅनिबल गुडविन नांवाच्या एका पाद्र्यानें आधीं लाविला होता. त्या दाव्यांत कंपनी हरली आणि १९१४ सालीं तिला ५० लाख डॉलर मोजावे लागले. गुडविन तोंपर्यंत वारला होता.

परंतु आपल्या मागें काय होईल याचा ईस्टमनइतका विचार केलेला कारखानदार मला दुसरा ठाऊक नाहीं. १९१२ सालीं त्यानें केनेथ मीस हा इंग्रज शास्त्रज्ञ आपल्याकडे बोलाविला. मीस म्हणाला, मी ज्या कंपनींत आहें ती विकत घ्या, मग येतों. ईस्टमननें ती विकत घेतली! मीसच्या हाताखालीं संशोधनाची स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. त्याच वर्षीं नफ्याच्या मानानें कामगारांस दरसाल पगाराव्यतिरिक्त रक्कम देण्याची प्रथा सुरू झाली. १९१९ सालीं त्यानें आपल्या शेअरांपैकीं मोठा वांटा नोकरांस दिला. १९२५ सालीं अध्यक्षपद विल्यम स्टूबर या लेपाच्या तज्ज्ञाकडे सोंपवून तो बाजूस झाला. तो ब्रह्मचारी होता. संपत्ति विद्यापीठें, संगीतशाळा व दवाखाने यांस वांटीत गेला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्येच्या शाळेस तर त्यानें ‘स्मिथ’ या खोट्या नांवानें कोट्यवधि डॉलर दिले. पुढें पाठीच्या कण्याच्या दुखण्यानें उठणें-चालणें कठीण झालें. १४ मार्च १९३२ रोजीं, ७७ व्या वर्षीं, काम संपलें आहे, मग वाट कशाची पाहावयाची, अशा अर्थाची दोन ओळींची चिठ्ठी मित्रांसाठीं लिहून त्यानें आपल्या हातानें जीवित संपविलें. त्याच्या इतक्या हिशेबी आयुष्यांतील हा एकच हिशेब मला कधीं पटला नाहीं.

मग कंपनीचें काय झालें? कांहींहि वाईट झालें नाहीं. तीनच वर्षांनीं, १९३५ सालीं, ‘कोडाक्रोम’ ही रंगीत फिल्म निघाली. ती काढणारे लिओपोल्ड मॅनेस व लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे व्यवसायानें वादक. अंधाऱ्या खोलींत घड्याळ दिसत नसे, म्हणून सिंफनीच्या चाली शिटीवर वाजवून ते मिनिटें मोजीत, अशी त्यांची आठवण सांगतात. मीसनें त्यांना मीसच्या प्रयोगशाळेंत आणलें होतें, आणि मीसला ईस्टमननें. तेव्हां ईस्टमन गेल्यावरहि त्याचा हात काम करीतच होता. १९६६ सालीं चंद्राभोंवतीं फिरून त्याचीं चित्रें धाडणाऱ्या अमेरिकन यानांत कोडॅकचा कॅमेरा होता, आणि ती फिल्म चंद्राच्या आकाशांत, यानाच्या पोटांतच धुतली जाई. संस्थापक वारून बरोबर पन्नास वर्षें झालीं त्या १९८२ सालीं एकट्या रॉचेस्टर शहरांत कंपनीचे ६०,४०० नोकर होते. ईस्टमनच्या पश्चात् सात वर्षांनीं, वीस वर्षांनीं, अगदीं पन्नास वर्षांनीं जरी कोणी परीक्षा घेतली असती तरी त्यानें कोडॅकला पहिल्या वर्गांतच उत्तीर्ण केलें असतें.

तरी पण माझ्या मतें नुकसान तोंवर होऊन गेलें होतें.

१९७५ सालीं कंपनीच्या प्रयोगशाळेंत स्टीव्हन सॅसन नांवाच्या पंचविशीच्या तरुण अभियंत्यानें एक विचित्र पेटी जोडली. वजन साडेतीन किलोंच्या वर. तींत फिल्म नव्हती. भिंगांतून आलेला प्रकाश एका इवल्या विद्युत्-पटलावर पडे, त्याचे शंभर ओळी व शंभर रकाने असे दहा हजार ठिपके होत, आणि त्या ठिपक्यांचे आंकडे गाणीं ऐकण्याच्या साध्या कॅसेटीवर उमटत. त्यास २३ सेकंद लागत. मग ती कॅसेट दुसऱ्या यंत्रांत घालून चित्र टेलिव्हिजनच्या पडद्यावर पाहावयाचें. सॅसननें ही पेटी वरिष्ठांच्या बैठकींत नेली व तेथेंच बसलेल्यांचें चित्र घेऊन दाखविलें. चित्र धूसर होतें. आपला फोटो कोणी टेलिव्हिजनवर कां पाहील, असें त्याला विचारण्यांत आलें. पेटीचें पेटंट कंपनीनें १९७८ सालीं मिळविलें. पेटी मात्र बाहेर दाखविली नाहीं.

आतां या वरिष्ठांस मूर्ख म्हणून मोकळें होणें सोपें आहे, आणि बहुतेक लेखक तसें करतात. मला तें न्यायाचें वाटत नाहीं. ते निजले नव्हते. १९८६ सालीं दहा लाखांहून अधिक ठिपक्यांचें पटल प्रथम बनविलें तें कोडॅकनेंच. १९९१ सालीं वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठीं बिनफिल्मचा कॅमेरा त्यांनीं विकावयास काढला. १९९४ सालीं ॲपल कंपनीनें घरगुती वापराचा असा जो कॅमेरा बाजारांत आणला, तोहि आंतून कोडॅकचाच होता! म्हणजे ज्ञान होतें, पैसा होता, माणसें होतीं. नव्हतें तें एवढेंच कीं, आपली चालती दुभती गाय आपल्याच हातानें विकून टाकण्याचा अधिकार कोणालाहि आपणांस आहे असें वाटत नव्हतें.

१८८४ सालच्या ईस्टमनपुढें आणि १९७५ सालच्या त्याच्या वारसांपुढें एकच प्रश्न आला होता. हातांतला माल उत्तम, नवा माल कच्चा, जुनीं गिऱ्हाइकें नाखूष. ईस्टमननें नव्याची कांस धरली. वारसांनीं ईस्टमनचा दंडक धरला : कमाई फिल्मवर. ते आपल्या समजुतीप्रमाणें गुरूची आज्ञाच पाळीत होते. आणि ज्यानें दंडक घातला तो ज्या मोकळेपणानें त्याला हात लावूं शकतो, तो मोकळेपणा ज्यांच्याकडे दंडक ठेव म्हणून आला त्यांस असत नाहीं. दुसरेंहि एक आहे, आणि ईस्टमनच्या भक्तांनीं तें विसरूं नये. त्यानें काचेवरचा भरंवसा उडविला तेव्हां त्याचा कारखाना लहान होता; फसला असता तर स्ट्राँगचा चाबकाचा पैसा बुडाला असता. वारसांच्या मागें एका शहरांतील साठ हजार चुली होत्या. ते जे कचरले तें सर्वस्वी भेकडपणानें, असें म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. म्हणून, नुकसान कोणत्या दिवशीं झालें असें मला कोणी विचारलें, तर मी १४ मार्च १९३२ हा दिवस सांगणार नाहीं. ज्या खोलींत सॅसनची पेटी टेबलावर ठेवली होती, त्या खोलींतील तो तास मी दाखवीन. त्या तासाला ईस्टमन तेथें नव्हता, आणि नाहीं हें कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं.

पुढची हकीकत झरझर सांगतों. कंपनीनें १९८८ सालीं ५१० कोटि डॉलर देऊन एक औषधांचा कारखाना घेतला व सहा वर्षांत तो तुकड्यातुकड्यांनीं विकला. १९९३ सालीं अध्यक्षास काढून बाहेरचा मनुष्य आणला. १९९४ च्या आरंभीं रसायनांची शाखा वेगळी तोडली. टेनेसी संस्थानांतील किंग्जपोर्ट येथें ती शाखा ईस्टमननेंच १९२० सालीं घातली होती, आणि त्याचें नांव घेऊन तीच पुढें सुखानें नांदली. ईस्टमनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं जपानांत निघालेली फूजी ही फिल्म कंपनी याच वादळांत सांपडली होती. तिनें फिल्म ओसरत आहे हें धरून चालून, जिलेटिन आणि पातळ लेप यांविषयींचें आपलें ज्ञान टेलिव्हिजनच्या पडद्यांच्या पापुद्र्यांकडे, औषधांकडे, इतकेंच काय पण बायकांच्या तोंडास लावावयाच्या मलमांकडे वळविलें. कारण जिलेटिन व आपली त्वचा यांचें मूळ द्रव्य एकच. कोडॅकलाहि तें ज्ञान होतें. मोहरीचा शोध त्यांचाच!

२०१२ सालीं नादारीचा अर्ज झाला तेव्हां रॉचेस्टरमध्यें नोकरांची संख्या सात हजारांच्या आसपास राहिली होती. त्या वर्षअखेर निवृत्त नोकरांचें औषधपाणी कंपनीनें बंद केलें. विलायतेंतील कोडॅकच्या निवृत्तांच्या पेन्शन-फंडाचें कंपनीकडे २८० कोटि डॉलरांचें येणें होतें. २०१३ सालीं तडजोड होऊन त्या फंडानें येण्याच्या मोबदल्यांत फोटोचे कागद व घरगुती फिल्म विकण्याचा धंदाच आपल्याकडे घेतला. जन्मभर ज्या दुकानांत चाकरी केली, तें दुकान पेन्शनीपोटीं पदरीं पडलें. स्वतः पेन्शनर असल्यामुळें असेल, पण ही बातमी मीं दोनदां वाचली.

त्याच्या आधींची, २००७ सालची एक गोष्ट सांगून थांबतों. त्या वर्षीं रॉचेस्टरच्या कोडॅक पार्कमधील कांहीं प्रचंड इमारती रिकाम्या झाल्या म्हणून सुरुंग लावून पाडण्यांत आल्या. पाहावयास गर्दी जमली होती. त्यांत जन्म तेथें काढलेले जुने नोकरहि होते. इशारा झाला, इमारती क्षणांत खालीं बसल्या, धुळीचा लोट उठला, आणि लोकांनीं तें दृश्य टिपण्यासाठीं हात वर केले. त्या हातांतील बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्म नव्हती.